नवरदेवाच्या गाडीचा ड्रायव्हर

थोरल्या भावाने जर्मन गाडी घेतली ती मुलाच्या लग्नासाठी. लग्नात मिरवायला नव्हे, लग्न जमावे म्हणून. हा फरक आधीच सांगून ठेवलेला बरा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

आमचे गाव कोऱ्हाळे बुद्रुक. भाऊ गावी शेती पाहतो, मी बारामतीत एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात काम करतो. पुतण्याने तिशी ओलांडली होती. कृषी पदविका, ऊस आणि डाळिंबाची बाग, ठिबकचे काम स्वतः करणारा, व्यसन नाही. स्थळे येत. माणसे बाग पाहत, विहीर पाहत, चहा घेत आणि मुलगा पुण्यात नोकरीला नाही याची पुन्हा एकदा खात्री करून जात. नंतर फोन येत नसे. आसपासच्या गावांत अशी पुष्कळ मुले होती आणि आहेत, त्यामुळे कुणाला त्याचे नवल वाटत नव्हते. भावाला मात्र चैन नव्हते. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तो ओट्यावर येऊन उभा राहायचा.

लग्ने जुळवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी एकदा अंगणाकडे बोट करून सांगितले, "पोरगं सोनं हाय आबा, पर दारात काय दिसतं? दोन ट्रॅक्टर आन एक जीप. पावण्याला येशीतनं दिसंल असं काय तरी पायजे."

भावाने ते मनावर घेतले. ऊस आणि डाळिंब दोन्ही साधलेले साल होते. पुण्यातल्या एका दंतवैद्याने वापरलेली काळी गाडी त्याने आणली. गाडी जुनी होती, पण काचेसारखी चमकत होती. येताना ती पुतण्याने चालवली.

दारात पूजा झाली. वहिनींनी चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला. मग भाऊ चालकाच्या जागेवर बसला. चाळीस वर्षे ट्रॅक्टर आणि जीप चालवलेला माणूस. या गाडीला क्लच नव्हता. त्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थबकली, मागे बसलेल्या वहिनींचे कपाळ पुढच्या सीटवर आपटले. भाऊ उतरला, किल्ली मुलाच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही माझ्या हाताची न्हाय. तूच बघ आता."

त्या कंपनीचा इतिहास मी पूर्वी रविवारच्या पुरवणीसाठी लिहिला होता. जेवताना भावाने तो विचारला आणि मी सांगितला. सुरुवात विमानाच्या इंजिनांपासून झाली. पहिल्या महायुद्धानंतर विमानाची इंजिने बनवायला बंदी आली, तेव्हा कंपनी मोटरसायकलींकडे वळली, मग मोटारींकडे. दुसऱ्या महायुद्धात कारखाने मोडले. जेत्यांनी यंत्रे उचलून नेली. उरलेल्या कामगारांनी जगण्यासाठी स्वयंपाकाची भांडी आणि सायकली बनवल्या. मोटारी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मोठ्या गाड्या कुणी घेईना. एक वेळ अशी आली की कंपनी विकली जायची होती. ती तगली आणि नंतर जगातल्या श्रीमंतांची झाली.

भावाने हात धुता धुता विचारले, "भांडी म्हंजी, पातेली?"

"पातेली, कढया."

"मंग आपल्यातलीच हाय की," तो म्हणाला. पुढे हा इतिहास त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितला. त्याच्या सांगण्यात विमाने लवकर संपत आणि पातेल्यांवर तो बराच वेळ थांबत असे.

गाडी पाहायला पाहुणे येण्याआधी गाडी मागायला शेजारी आले. शेजाऱ्याच्या मुलाचे लग्न होते. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला मारुतीच्या देवळात पाया पडायला वाजतगाजत नेतात, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असे, आता मोटार असते. आणि लग्नाला वाहन मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. भाडेही घेत नाहीत. टॉवेल, टोपी आणि नारळ घेतात. दारात बैल असताना हीच रीत होती, ट्रॅक्टर आल्यावरही तीच राहिली. जर्मन गाडीला वेगळा नियम लावायचे भावाला सुचले नाही. सुचले असते तरी तोंडातून निघाले नसते. त्याने अट एकच घातली. गाडी माझा पोरगा चालवील, दुसऱ्याच्या हातात मिळणार नाही. आणि मुलाला बजावले, "गाडी सोडून हलायचं न्हाय. लग्नातली पोरं बॉनेटवर बसत्यात."

शेजाऱ्याचे लग्न पार पडले. त्याच्या साडूने गाडी पाहिली, पुढच्या तिथीसाठी गाडी मागायला तो आला. त्याचे व्याही आले. काळ्या गाडीची वार्ता बारामती तालुका ओलांडून इंदापूर तालुक्यात पोहोचली. लग्नाची तीथ दाट असली की पुतण्या सकाळी एका गावाला परण्या आणि संध्याकाळी दुसऱ्या गावाला वरात करत असे. लासुर्णे, निमगाव केतकी, मधल्या वाड्यावस्त्या. तो पांढरा शर्ट घालून, केस नीट बसवून निघायचा आणि हळदीचे हात लागलेले दरवाजे घेऊन परत यायचा.

अशा गाडीचा सांभाळ कसा असतो, हे त्या दिवसांत कळले. ती वेगासाठी बनवलेली होती आणि आमच्याकडे तिचे बहुतेक आयुष्य बँडच्या मागे, माणसाच्या चालीने गेले. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा नेमका नाच रंगात आला की लागायचा. सजावटवाले जरबेराची फुले चिकटपट्टीने लावत. पट्टी निघाली की खाली धुरकट चौकोन राहत. पुतण्या ते रॉकेलच्या बोळ्याने पुसत बसायचा. अक्षतांचे तांदूळ सीटच्या सांध्यांतून कधीच पूर्ण निघाले नाहीत. एसी लावला की एखादी सुकलेली पाकळी समोर येऊन पडायची.

मग घराशेजारचा ऊस तुटला. ऊस तुटला की फडातले उंदीर वस्तीकडे येतात. त्या वर्षी ते बॉनेटमध्ये शिरले. एका सकाळी गाडी सुरू केली तर समोरच्या पट्टीवर लाल, पिवळे, सगळे दिवे एकदम लागले. आतल्या वायरी कुरतडलेल्या होत्या. पुण्याहून गाडी दुरुस्त होऊन आली. त्यानंतर बॉनेटमध्ये डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या टांगलेल्या असत. वासाने नवरदेव शिंकत. एकाने विचारलेही, "आत कपाट हाय का काय?"

या सगळ्यात स्थळे येणे थांबले होते. हे आधी लक्षात आले ते वहिनींच्या. "गाडी नव्हती तवा लोक च्या पिऊन तरी जात हुते," त्या म्हणाल्या. भाऊ चिडला. पण आवाज आला की ओट्यावर येणे त्याने सोडले नव्हते, आणि बाहेर प्रत्येक वेळी गाडी मागणारेच असत.

अखेर लग्ने जुळवणारे गृहस्थ आले. मी त्या दिवशी गावी होतो. चहा झाला, तरी ते विषयाला हात घालेनात. भावाने विचारले, "काय अडलंय ते सांगा. पोरात खोट काढली का कुणी?"

"खोट न्हाय."

"मंग?"

गृहस्थांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आबा, दोनचार ठिकाणी फोटू दाखवला. लोक म्हणत्यात, ह्याला वळखतो आमी. ह्यो त्या लग्नाच्या गाडीवरचा ड्रायव्हर हाय. ड्रायव्हरला पोरगी कशी द्यायची?"

भाऊ हसला. घरातले कुणी हसले नाही, तेव्हा थांबला. "गाडी कुणाची हाय, इचारलं न्हाय का त्यांनी?"

"गाडी कुण्या साखर कारखानदाराची हाय म्हणत्यात."

पुतण्या दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. तो म्हणाला, "मला म्हाईत हाय ते. मागंच कळलंय." एवढे बोलून बागेकडे गेला.

भावाने त्या दुपारी गाडीवरचे कापड काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग माझ्याकडे आला. "तू पेपरात काम करतुस. छाप की."

"काय छापू?"

"ह्यो मालक हाय म्हणून."

"दादा, अशी बातमी नसते."

"मंग तुमच्या पेपरात असतं तरी काय," तो म्हणाला.

महिनाभरात इंदापूरच्या बाजूचे एक स्थळ आले. मुलगी बारामती एमआयडीसीत दूध प्रक्रियेच्या कारखान्यात काम करत होती, दुधाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत. बारामतीत खोली घेऊन राहायची आणि सुटीला गावी जायची. वडील निवृत्त शिक्षक. मुलगी पाहायला आम्ही जर्मन गाडीतूनच गेलो. भावाने मला मुद्दाम सोबत घेतले. बोलण्यात कमी पडू नये म्हणून, असे तो म्हणाला, पण बोलू मात्र दिले नाही. बसल्या बसल्या त्याने गाडीचा इतिहास सुरू केला. विमाने झाली, युद्ध झाले, पातेली झाली. शिक्षकांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. मुलगा किती शिकला, काय पिकवतो, यातले काहीच निघाले नाही.

मुलीने पोह्यांचे ताट ठेवले आणि समोर बसली. भाऊ पाणी प्यायला थांबला, तेव्हा तिने थेट पुतण्याला विचारले, "निमगावला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात गाडी तुम्हीच चालवत होता ना?"

"हो," पुतण्या म्हणाला.

भाऊ मध्ये पडला. "गाडी आमचीच हाय बरं का. मालक हाय ह्यो."

"मालक आहेत, मग आत का नाही आले?" तिने भावाला विचारले. आवाज साधा होता. "अक्षता पडल्या, पंगती उठल्या. हे उन्हात गाडीतच बसून होते. मी पाहिलं."

याचे उत्तर भावाला द्यायचे होते, पण दिले पुतण्याने. "गाडी सोडायची न्हाय, असं सांगितल्यालं असतं."

"कुणी?"

पुतण्याने वडिलांकडे पाहिले. मुलीनेही पाहिले. मग ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मी गावी आहे. तुम्ही एकटे या. मोटरसायकलवर आलात तरी चालेल. मला जे विचारायचं ते सगळ्यांसमोर विचारण्यासारखं नाही." आमच्या भागात अजून मुली असे सहसा बोलत नाहीत, पण शिक्षकांनी होकाराची मान हलवली. पुतण्या म्हणाला, "येतो."

परतताना लासुर्ण्याच्या पुढे भावाच्या लक्षात आले. "पुढल्या ऐतवारी लोणी भापकरचं लगीन हाय. शबूद दिलाय."

पुतण्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "मी पण दिलाय," तो म्हणाला.

तो आठवडा घरात वाईट गेला. भांडण झाले नाही. झाले असते तर बरे, असे वहिनी म्हणत. भावाने शिक्षकांना फोन करून दिवस बदलता येईल का विचारले. शिक्षक मुलीला विचारून सांगतो म्हणाले आणि लगेच सांगितले की नाही. भावाने एक ओळखीचा चालक आणला, त्याला गाडीभोवती फिरवले आणि कारण न सांगता परत पाठवले. लोणी भापकरच्या माणसांना दुसरी गाडी बघा म्हणून सांगायला तो फोन हातात घ्यायचा, नंबर लावायचा आणि पलीकडून उचलायच्या आत तोडायचा. मी बारामतीहून रोज फोनवर विचारायचो. वहिनी सांगायच्या, "येरझाऱ्या चालल्यात. बांधापातुर जात्यात, परत येत्यात."

"आणि पोरगा?"

"त्यो बागंला पाणी धरतोय. त्याच्या मनात काय हाय ते त्यालाच ठावं."

शनिवारी मी गावी आलो. संध्याकाळी पुतण्याने गाडी धुतली. आतून पुसली. मग ओट्यावर वडील बसले होते तिथे किल्ली ठेवली. "आबा, उद्या तुमी जावा."

"मला येती व्हय ती?"

"डावा पाय मांडीखाली घालून बसा. उजव्यानंच सगळं करायचं. येतं."

"आन कुठं ठोकली म्हंजी?"

"ठोकली तर ठोकली," पुतण्या म्हणाला. ते वाक्य त्या घरात त्या गाडीबद्दल प्रथमच उच्चारले गेले. भावाने किल्ली उचलली. मग मला म्हणाला, "तू येतुस का संगं?"

रविवारी सकाळी पुतण्या मोटरसायकलवर इंदापूरकडे गेला आणि आम्ही लोणी भापकरकडे. भाऊ डावा पाय मांडीखाली दुमडून बसला होता, देवापुढे बसावे तसा. संपूर्ण रस्ता त्याने ट्रॅक्टरच्या चालीने कापला. मागून येणारे हॉर्न वाजवत, पुढे जाताना वळून पाहत. तो पुटपुटत होता, पण शब्द कळत नव्हते.

मांडवाजवळ सजावटवाल्यांनी गाडीचा ताबा घेतला. नवरदेव मागे बसला, फोनमध्ये स्वतःचे फोटो काढू लागला. परण्या निघाला. बँडच्या मागे गाडी इंच इंच सरकत होती आणि भावाच्या कपाळावरून घाम गळत होता. एक तरुण काचेवर टकटक करून म्हणाला, "ओ मामा, ब्रेक जरा हळू दाबा. नवरदेवाचा फेटा हलतोय."

दुसरा म्हणाला, "आज म्हातारा पाठवलाय वाटतं. त्यो नेहमीचा ड्रायव्हर बरा हुता, बोलत तरी नव्हता."

मी काच खाली करायला हात घातला. भावाने माझे मनगट धरले. "असू दे," तो म्हणाला.

देवदर्शन झाले. गाडी मांडवाच्या दाराशी उन्हात लावायला लावली. मंगलाष्टके सुरू झाली तसा भाऊ उतरला आणि मांडवाकडे निघाला. आयुष्यभर तो लग्नात पहिल्या रांगेत बसलेला, अक्षता वाटणारा माणूस. वाटेत यजमानांपैकी कुणीतरी त्याला अडवले. "कुठं निघाला ड्रायव्हर? गाडीपाशी थांबा. पोरं वर चढत्यात."

तो परत येऊन बसला. दोन पोरे खरेच बॉनेटवर होती, त्याने त्यांना हाकलले नाही. लाउडस्पीकरवरून सावधान, सावधान ऐकू येत होते. थोड्या वेळाने त्याने विचारले, "हे असंच असतं व्हय रं? दर वक्ताला?"

"मला काय माहीत? मीही आजच आलोय."

"आन त्यानं कधी सांगितलं न्हाय."

त्याने मुलाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पंगती बसल्या, उठल्या. आम्हाला जेवायला कुणी बोलावले नाही आणि भावाच्या ते लक्षातही आले नाही. तो दार उघडायचा, खाली उतरायचा, फोन कानाला लावायचा, आत येऊन दार लावायचा. एकदा म्हणाला, "न्हाय म्हणली असंल." मग म्हणाला, "न्हाय म्हणली असती तर एव्हाना घरी आला असता."

फोन आला तेव्हा त्याने तो घाईत स्पीकरवर टाकला.

"काय झालं?"

"जेवलो," पुतण्याचा आवाज आला. मागे वारा होता. रस्त्याकडेला उभा राहून बोलत असावा.

"ते न्हाय. काय म्हणली?"

"लई इचारलं तिनं. बागंचं, पाण्याचं. नोकरी सोडणार न्हाय म्हणली. मी म्हणलं, सोडू नगं."

"आन?"

"आन काय न्हाय. अजून हो म्हणली न्हाय."

"मंग?"

"पुढल्या ऐतवारी ती आपली बाग बघाया येणार हाय. घरी असशील का, म्हणून इचारलं. पुढल्या ऐतवारी तीथ हाय का आबा?"

भावाने मांडवाकडे पाहिले. "तू काय सांगितलंस?"

"सांगतो म्हणलं."

"आदुगर तिला सांग, घरीच हाय म्हणून," भाऊ म्हणाला आणि फोन बंद केला.

तेवढ्यात मांडवातून पांढऱ्या कपड्यांतले एक वयस्क गृहस्थ आले. नवरीकडचे असावेत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चिकटवलेली फुले न्याहाळली आणि खिडकीशी वाकले. "ओ ड्रायव्हर, ही गाडी कोऱ्हाळ्याची ना?"

"व्हय."

"मालकाचा नंबर द्या की. पुढल्या ऐतवारी आमच्या हितं पायजे. मालक माणूस दिलदार हाय म्हणत्यात. कुणाला न्हाय म्हणत न्हाय."

भाऊ मांडीखालचा पाय काढून चोळत होता. त्याने मान वर केली नाही. "मालक आता गाडी देत न्हाय लग्नाला."

"का बरं? काय झालं?"

"घरात काम हाय त्यांच्या."

गृहस्थांना ते पटले नाही. "काम म्हंजी? लग्नापेक्षा मोठं काम हाय व्हय? तुमी नंबर तर द्या, मी बोलतो त्यांच्यासंगं."

"बोलून उपेग न्हाय," भाऊ म्हणाला. "मी वळखतो त्यांना. एकदा न्हाय म्हणलं की न्हायच म्हणत्यात."

गृहस्थ दुसऱ्या गाडीची चौकशी करायला निघून गेले. भावाने काच वर घेतली. त्याने डावा पाय पुन्हा मांडीखाली घेतला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि वरात निघायची वाट पाहत बसला.